मटकीत मीठ बेताचं

"काका, नुसता चकणा मिळंल काय?"

चंद्रिका परमिट रूमच्या दारात उभी राहून मी हे विचारलं, तेव्हा मी नववीत होते. अंगात शाळेच्या क्रीडादिनाचा पिवळाजर्द टी-शर्ट होता आणि दुपारभर ओरडून घसा असा बसला होता की गल्ल्यावरच्या माणसाने मान वर न करताच "बस आत" असं म्हटलं. मग त्याने मान वर केली. मग चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

"कोण गं तू?"

"गिऱ्हाईक."

"शाळंत जातीस न्हवं?"

"आज रविवार हाय."

रस्त्यापलीकडे उसाच्या रसाच्या गाड्याआड नाझनीन आणि तनू उभ्या होत्या. हे विचारायची पैज त्यांचीच. दोघी एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून हसत होत्या, ते मला न बघताही कळत होतं.

"हितं वयाचा बोर्ड लावलाय. वाचलास काय?" गल्ल्यावरचा माणूस म्हणाला.

"वाचला की. त्यो दारूचा हाय. चकण्याचं वय कुठं लिवलंय?"

आता हे मी कसं बोलले, मला अजून कळलेलं नाही. आत कुणीतरी मोठ्याने हसलं. दाराजवळच्या टेबलावर टोपी घातलेले एक आजोबा बसले होते, पुढ्यात एकच बाटली आणि चार रिकाम्या ताटल्या. ते म्हणाले, "मगदूम, पोरगी बरोबर बोलाली. मटकीला कसलं आलंय वय?"

मगदूम म्हणजे गल्ल्यावरचे मालक. त्यांनी कपाळाला हात लावला. "ह्या दारानं न्हाई. बोळातनं फॅमिली रूमचं दार हाय, तिकडं बस जा. आणि गाड्यामागच्या त्या दोघींनाबी बोलव. मघापासनं बघालोय मी, उसात शिरल्यागत लपल्यात."

त्या वर्षी आमचा एक कार्यक्रम असायचा. दर रविवारी प्रत्येकीने घरून मिळतील तेवढे पैसे आणायचे, नाझनीनच्या कंपासपेटीत टाकायचे, आणि तेवढ्यात दिवसभर कोल्हापूर खायचं. नाझनीनचा सिद्धांत होता की या गावात निम्म्या गोष्टी फुकट मिळतात, फक्त तोंड उघडून मागता आलं पाहिजे. मिसळ एक घ्यायची आणि कट, म्हणजे वरचा तिखट रस्सा, तीनदा मागायचा. भेळ संपली की गाडीवाल्याला म्हणायचं, "मामा, वर एक सुकी पुरी." दूध कट्ट्यावर एक ग्लास तिघीत, पण फेस वाढून घ्यायचा. नाझनीन मागायची, तनू मागायची. मी कागदाला लागलेला चिंचेचा कोळ बोटाने पुसत बसायचे. पहिले दोन महिने मी एकदाही कट मागितला नाही. कोरड्या पावाचा तुकडा चावत बसायचे, पण वाढप्याच्या डोळ्यांत बघायची हिंमत व्हायची नाही. आज मी बारावीत आहे आणि नाझनीन म्हणते की माझं तोंड बंद करायलाच आता पैसे द्यावे लागतील.

तर त्या रविवारी मिसळ झाली होती, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा "दादा, कट वाढा" म्हटलं होतं. त्यानंतर आम्ही फुटबॉलच्या सामन्याला गेलो. पेठेची टीम, हलगीचा कडकडाट, बायकांच्या गॅलरीत आम्ही तिघी. दोन शून्यने हरलो, पण मी इतकी ओरडले की पुढच्या बाकावरच्या काकूंनी मागे वळून मला शेंगदाण्याची पुडी दिली. "घे बाई, घशाला आधार." बाहेर आलो तेव्हा कंपासपेटीत चिल्लर उरली होती. चंद्रिकाच्या दारात चकण्याच्या ताटल्या फिरताना बघून तनू म्हणाली, "हे बी फुकटच असतंय की. रेवा, आज तुझा दिवस हाय. जा."

फॅमिली रूम म्हणजे प्लायवूडची भिंत घातलेला एक चिंचोळा भाग. भिंत छतापर्यंत पोचलेली नव्हती, त्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू यायचं. वेटरने तीन ताटल्या आणून ठेवल्या. काकडी, खारे शेंगदाणे, मटकी.

"काय द्यायचं ह्याचं?" नाझनीनने कंपासपेटी उघडली.

"चकण्याचं पैसं घेत न्हाई आमी," वेटर म्हणाला. "लिंबू सोडा घ्या एक, तिघीत. मालकास्नी बरं वाटंल."

आम्ही मटकीवर तुटून पडलो. सुकी, एकेक दाणा सुटा, वर बारीक चिरलेला कांदा आणि कारळ्याचं कूट. मी दुसरा घास घेतला तोवर नाझनीन चमचा खाली ठेवून माझ्याकडे बघत होती.

"रेवा, ही तुझ्या डब्यातली मटकी हाय."

"मटकी सगळीकडं मटकीच असतीय."

"चार वर्षं तुझा डबा खाल्लोय मी. तुझ्यापेक्षा जास्त खाल्लोय. कारळं कोण घालतंय मटकीत?"

तनूने तोपर्यंत तिची ताटली पुसून काढली होती. "कुणाचीबी असूदे. वाढून आण की. आज तुझाच दिवस हाय."

मी रिकामी ताटली घेऊन बोळातून परत पुढच्या दाराशी गेले. मगदूमकाका त्या आजोबांना सांगत होते, "कंडक्टरमामा, तुमच्यासारखी दहा गिऱ्हाइकं आली तर मी हितं मठ काढीन." मी ताटली पुढे केली. त्यांनी ती बघितली आणि एकदम हताश होऊन म्हणाले, "तूबी?"

त्यांनी मागच्या फळीवरचा डबा ओढला. मोठा स्टीलचा डबा, कडीचा. झाकणावर कोरलेलं होतं, चि. सौ. कां. शैलजा.

रुखवतातला डबा. माझ्या आईचा. त्यातला 'जा' नीट कोरला गेला नव्हता, म्हणून माझ्या आजोबांनी भांडीवाल्याशी भांडण केलं होतं, ही गोष्ट मी शंभरदा ऐकलेली.

हा डबा रोज सकाळी दहाला पप्पांच्या स्कूटरवर बसून स्टँडजवळच्या एका कँटीनला जातो, असं आम्हा दोघींना माहीत होतं. चार महिने झाले होते. आई पहाटे उठून मटकी परतायची. मोडाला धक्का लागू नये म्हणून उलथन्याच्या मागच्या बाजूने हलवायची. आणि मीठ बेताचं. "प्रवासाची माणसं," ती म्हणायची. "एसटीत बसल्यावर तहान लागली तर पाणी कुठं शोधायचं त्यांनी?" रात्री पप्पा परत आले की पायातल्या चपला निघायच्या आत तिचा प्रश्न असायचा, "काय म्हणाले?" आणि पप्पा सांगायचे. आज सोलापूरचे एक मास्तर होते. आज एक नवं जोडपं होतं, त्यांनी कृती लिहून घेतली. आईचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा व्हायचा. ती "काहीतरीच" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी मूठभर मटकी जास्त भिजत घालायची. बारच्या पुढून जायचं झालं तर हीच आई रस्ता ओलांडून पलीकडून जायची.

"काय झालं?" मगदूमकाका म्हणाले. "घे की."

"काका, ही मटकी कोण देतंय?"

"दोस्त हाय माझा एक, विलास. त्याची बायको करतीय. चार दिवस खाऊन घे, एक तारखेपासनं बंद."

"बंद? का?"

"अगं, चकण्याचं काम काय? खारट असायचं. खारट खाल्लं की तहान लागती, तहान लागली की गिऱ्हाईक बाटली मागतंय. ही मटकी खाऊन माणूस पाणीबी मागंना झालंय! हे मामा बघ. एक बाटली तीन तास, आणि मटकी पाच प्लेटा. विलासला तीनदा सांगितलो, वैनीस्नी मीठ वाढवाय सांग. नुसतं हूं हूं करतोय. आता इचलकरंजीचा एक जण पाकिटं देतो म्हणालाय. खारट जहर. त्येच लावतो."

"लाव लाव," कंडक्टरमामा म्हणाले. "मी यायचा बंद होतो."

"समोरच्या बारात जाणार?"

"घरात बसीन. एकतीस वर्षं एसटीत काढली मी, गावोगावच्या स्टँडवर खाल्लं. ही बाई कोण हाय मला ठावं न्हाई, पर तिनं खाणाऱ्याचा विचार करून केलेलं हाय, जिभेला कळतंय. आमच्या सूनबाईला म्हटलं, अशी कर. तिनं केली."

"मग?"

"मग मी हितं आलो."

सगळे हसले. मी हसले नाही. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की ती बाई कोण ते मला ठाऊक आहे. पण सांगितलं असतं तर पप्पांचं खोटं त्यांच्याच मित्रापुढे उघडं पडलं असतं. मी ताटली घेतली, "थँक्यू काका" म्हणाले आणि आत येऊन ती मटकी नाझनीनपुढे ठेवली. तिने माझं तोंड बघितलं आणि ताटली तनूकडे सरकवली.

रात्री पप्पा आले. आई दारात होती.

"काय म्हणाले?"

"आज एक बाई होत्या पुण्याच्या," पप्पा चपला काढत म्हणाले. "म्हणाल्या, आमच्याकडं असली मटकी कुणाला जमत न्हाई."

मला ठसका लागला. आईने पाणी दिलं. मी पाणी पिऊन म्हणाले, "पप्पा, स्कूटरचा लाईट चालू राहिलाय." आणि त्यांच्या मागोमाग खाली उतरले.

खाली पार्किंगमध्ये त्यांनी लाईट बघितला. तो बंदच होता.

"मी चंद्रिकात गेलो होतो आज," मी म्हणाले.

पप्पांनी स्कूटरला हात टेकला. "काय केलीस?"

"चकणा खाल्लो. नाझनीन, तनू बी होत्या. फॅमिली रूममध्ये."

"तू बारमध्ये—"

"आईची मटकी पण होती."

पप्पा वायरिंगच्या दुकानात काम करतात. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून त्यांना थापा मारायची सवय असेल, असं मला वाटायचं. पण त्या वेळी त्यांना एकही सुचली नाही.

"पहिल्या दिवशीच कँटीनवाले नको म्हणाले गं," ते शेवटी म्हणाले. "त्यांचा आचारी होता. आणि ही घरात दारात उभी. भरलेला डबा घेऊन परत कसा येणार होतो मी? वाटेत मगदूम भेटला."

"मग आईला सांगायचं की."

"बारला देतो म्हणून? तिनं दुसऱ्या दिवशी गॅस पेटवला नसता."

"एक तारखेला ते बंद करालेत."

"माहीत हाय." त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "हे बघ रेवा, तू गप, मी गप. तू कुठं गेली होतीस मी सांगत न्हाई. आणि मिठाचं... मिठाचं मी बघतो."

"कसं बघणार?"

"सकाळी कळंल."

सकाळी कळलं. पावणेदहाला पप्पा डबा घेऊन उतरले आणि मला डोळ्याने खुणावलं. जिन्याखाली मीटरच्या पेट्यांजवळ त्यांनी पायरीवर डबा ठेवला, खिशातून मिठाची पुडी काढली आणि मला म्हणाले, "धर झाकण."

"किती घालणार?"

"दोन चमचे?"

"चमचा आणलाय काय?"

"न्हाई."

मग त्यांनी अंदाजाने घातलं. मीठ वर तसंच पांढरं दिसायला लागलं. मी दप्तरातल्या माझ्या कंपासपेटीतली पट्टी काढून दिली. आम्ही बापलेक पट्टीने मटकी हलवत होतो, आणि ती सुटी सुटी मटकी पायरीवर सांडत होती, तेवढ्यात वरून आवाज आला.

"अहो, रुमाल विसरलात."

आई अर्धा जिना उतरून आली होती. तिने पुडी बघितली. पट्टी बघितली. खाली उतरून पट्टीला लागलेला एक दाणा तोंडात टाकला.

"हे काय करालाय?"

"कँटीनवाले म्हणत होते..." पप्पा म्हणाले, "की जरा अळणी..."

"अळणी न्हाई ती. बेताची हाय. किती वेळा सांगू? प्रवासात तहान लागली तर माणसानं—"

"आई," मी म्हणाले, "ती माणसं कुठं जात न्हाईत. बसूनच असतात."

"कोण?"

पप्पांनी डोळे मिटले.

"मटकी चंद्रिकात जातीय. परमिट रूममध्ये. चार महिने झाले."

आईने रुमालाची घडी केली. तो आधीच घडी केलेला होता, तिने आणखी एक केली. "तुला कसं ठाऊक?"

"मी गेलो होतो. काल. चकणा खायला."

मला वाटलं होतं आता धपाटा बसणार. पण आई माझ्यावर रागावायचंच विसरली. ती पायरीवर बसली, सांडलेल्या मटकीच्या शेजारी, आणि पप्पांना विचारलं, "म्हणजे त्या पुण्याच्या बाई?"

"न्हवत्या," पप्पा म्हणाले.

"सोलापूरचे मास्तर?"

पप्पांनी मान हलवली.

"आणि ते नवीन लग्न झालेलं जोडपं? कृती लिहून घेतली ते?"

"शैला, अगं तू एवढी वाट बघत असायचीस..."

"मी त्या नव्या नवरीसाठी दोन दिवस कारळं जास्त भाजलं होतं," आई म्हणाली. "म्हटलं, परत आली तर तिला वास आवडंल."

वरच्या मजल्यावरचे कुलकर्णीकाका जिना उतरत आले, "काय, सकाळी सकाळी सभा?" म्हणाले, आणि कुणीच हसलं नाही म्हणून भराभर निघून गेले.

मी आईसमोर उकिडवी बसले. "एक माणूस खरा हाय," मी म्हणाले.

ती पायरीवर सांडलेलं मीठ हाताने झटकत राहिली.

"एसटीतले रिटायर कंडक्टर. टोपी घालतात. एकतीस वर्षं स्टँडवरचं खाल्लंय त्यांनी. ते म्हणाले, ही बाई कोण हाय ठावं न्हाई, पर तिनं खाणाऱ्याचा विचार करून केलेलं हाय, जिभेला कळतंय."

"तू आता बापासारखं करू नको."

"आईशप्पथ. पाच प्लेटा खाल्ल्या काल."

"पाच?"

"सुनेला सांगून घरात करून घेतली. तिची खाल्ली आणि उठून चंद्रिकात गेले."

आईच्या ओठाचा एक कोपरा हलला. तिने तो पदराने पुसल्यासारखं केलं. "सून काय करत असंल? पाणी घालून झाकण ठेवत असणार. मोड मरतात त्यानं." मग जरा थांबून, "पाच प्लेटा आणि दारू किती?"

"एकच बाटली. ती बी संपंना. म्हणून तर मालक चिडलेत. मीठ कमी असल्यावर तहान लागत न्हाई, मग कोण दुसरी बाटली मागत न्हाई. मीठ वाढवलं न्हाई तर एक तारखेपासनं बंद म्हणालेत."

आईने माझ्याकडे बघितलं, मग पप्पांकडे, मग पायरीवरच्या मिठाच्या पुडीकडे.

"माझी मटकी खाऊन लोक कमी पितात?"

"व्हय," पप्पा म्हणाले, गुन्हा कबूल केल्यासारखे.

आणि माझी आई हसली. आधी नाकातून, मग सगळी हलून. मीटरच्या पेट्यांवर तिचं हसणं घुमलं. पप्पा घाबरून तिच्याकडे बघत राहिले. त्यांना हसावं की नाही ते कळत नव्हतं.

"मग मीठ वाढणार न्हाई," ती डोळे पुसत म्हणाली. "माणसाला तहान लागावी म्हणून मी मीठ घालायचं? माझ्या हातानं होणार न्हाई ते."

"मग बंद होणार, शैला."

"होऊ दे."

पण तिने ते म्हटलं आणि तिचा हात डब्याच्या कडीवर गेला. पहाटे साडेचारचा गजर, उलथन्याची मागची बाजू, रात्रीचा तो दारातला प्रश्न. हे सगळं एक तारखेला थांबणार होतं आणि तिच्या हाताला ते तिच्याआधी कळलं होतं. पप्पा खाली बघत पायरीवरची मटकी एकेक दाणा वेचायला लागले.

मी चमचा आणायला वर पळाले. परत आले आणि वरचा मीठ लागलेला थर सगळा काढून पप्पांच्या जेवणाच्या डब्यात भरला. मग झाकण लावलं, कडी घातली आणि डबा उचलून स्कूटरवर पाय ठेवायच्या जागी ठेवला.

"ऐका," मी म्हणाले. आवाज अजून बसलेलाच होता, पण जिन्यात तो बरा मोठा वाटला. "मीठ हाय तेवढंच राहणार. मालकांनी पहिली प्लेट फुकट द्यायची, दुसरीपासनं पैसे लावायचे. कंडक्टरमामा देतील, बाकीचे बी देतील. हे मी बोलणार हाय त्यांच्याशी. शाळा अकराला हाय, तोवर होतंय. आणि आई, तू माझ्याबरोबर येणार हाईस. पुढच्या दारानं. पप्पा, स्कूटरवर दोघीच बसतोय आम्ही, आई चालवंल, तुम्ही चालत या."